माणगावचे यशवंत घाडगे परके कसे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र जरा लांबणार आहे, आधीच सांगते. जागा कमी पडली तर माझं घरचं काय ते कापा, पण घाडगेंबद्दल लिहिलंय ते कापू नका एवढी विनंती.

मी ऐरोलीत राहते, लग्न होऊन इथे आले त्याला आता तीस वर्षं होत आली. माहेर माणगाव तालुक्यातलं. आमच्या सोसायटीत दरवर्षी १५ ऑगस्टला गेटवर शूरवीरांच्या फोटोंचा एक बॅनर लागतो, खाली मुलांची भाषणं, मग वडापाव. यंदा बॅनर छापायला जायच्या आधी मी ग्रुपवर नाईक यशवंत घाडगे यांचा फोटो टाकला आणि लिहिलं की आपल्या रायगडचे आहेत, व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांच्या काळातलं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक मिळालेले, यांनाही एका कोपऱ्यात जागा द्या. दहा मिनिटांत एका काकांचं उत्तर आलं, "ताई, ते इंग्रजांसाठी मेले, देशासाठी नाही, स्वातंत्र्यदिनाला त्यांचं काय काम." त्यावर चार-पाच जणांनी अंगठे दाखवले, मग पाण्याच्या टँकरचा विषय निघाला आणि माझा मेसेज तसाच वर सरकत गेला.

त्या काकांवर माझा राग नाही, ते मनाने चांगले आहेत, कोणाच्याही अडचणीला आधी धावतात. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. उत्तर काय द्यायचं तेच सुचत नव्हतं. आता पंधरा दिवस झाले, जे सुचलंय ते तुमच्या पेपरातून सांगते, कारण हे एकट्या काकांचं मत नाही, अशी बरीच माणसं आहेत.

आधी घाडगे कोण ते सांगायला हवं. ठाणे-नवी मुंबईतून कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाने माणगाव बघितलंय. बघितलंय म्हणजे काय, माणगावात अडकलोय. कळंबोलीला रात्री गाडी पकडायची, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर करत यायचं आणि माणगावात गाडी जी थांबते ती थांबतेच, गणपतीत तर दोन-दोन तास. मुलं रडतात, माणसं खाली उतरून चहा पितात, आणि तिथेच गावात तहसील कचेरीपाशी या माणसाचा पुतळा आहे. आपल्यातल्या किती जणांनी मान वळवून बघितलं असेल? मी स्वतः लग्नानंतर कितीतरी वर्षं त्याच गावातून गेले आले, लहानपणापासून नाव कानावर होतं तरी कधी मुलांना खिडकीतून बोट दाखवून सांगितलं नाही की हे बघ.

तर यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातलं पळसगाव, तेव्हा कुलाबा जिल्हा. जन्म १९२१ चा. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक, म्हणजे दंडावर दोन फिती, हाताखाली एक सेक्शन, आठ-दहा पोरं. दुसरं महायुद्ध चालू होतं. १९४४ च्या जूनमध्ये इटलीत रोम जर्मनांच्या हातून गेलं होतं, जर्मन मागे हटत होते पण प्रत्येक डोंगराच्या धारेवर मशिनगन लावून बसत होते आणि खालून चढणाऱ्याला टिपत होते. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ ला त्यांच्या कंपनीने अशाच एका ठाण्यावर हल्ला केला. घाडगेंच्या सेक्शनवर अगदी जवळून मशिनगन सुरू झाली आणि सगळे कोसळले, कोणी मेले कोणी जखमी, उभे राहिले फक्त घाडगे.

इथे मी नेहमी थांबते. आडवं पडून राहायचं, रांगत मागे यायचं, मदतीची वाट बघायची, कोणी एका शब्दाने बोललं नसतं. मागे कोणी नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, पदकाच्या मानपत्रातच तसं लिहिलंय की बरोबर यायला कोणी उरलं नाही हे ठाऊक असूनही ते थबकले नाहीत. ते सरळ मशिनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकला, त्यात मशिनगन आणि ती चालवणारा दोन्ही गेले. मग टॉमी गनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशिनगनने, आणखी एकाला मारला. गोळ्या संपल्या, मॅगझिन बदलायला वेळच नव्हता, समोर अजून दोघे, तेव्हा त्यांनी बंदूक नळीकडून धरली, गोळ्या झाडून तापलेली नळी असणार ती, आणि दांडक्यासारखी चालवून त्या दोघांना संपवलं. एवढं सगळं एकट्याने. आणि मग लांबून शत्रूच्या स्नायपरांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि जे ठाणं एकट्याने घेतलं त्याच ठाण्यात त्यांचा जीव गेला. वय बावीस.

बावीस म्हणजे माझ्या धाकट्यापेक्षा लहान.

त्यांची समाधी नाही, कारण कबर कुठे ते माहीतच नाही. इटलीत कासिनोला ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा चार हजारांवर सैनिकांची नावं कोरलेलं स्मारक आहे, त्यात त्यांचं नाव आहे. व्हिक्टोरिया क्रॉस १९४५ साली दिल्लीत व्हाइसरॉय वेव्हेलच्या हातून त्यांच्या पत्नीने घेतला. तेव्हाच्या कुलाब्यातल्या खेड्यातली बाई, दिल्लीला जाऊन, नवऱ्याच्या बदल्यात एक पितळी रंगाचा क्रॉस घेऊन परत आली. त्या प्रवासाबद्दल मला फार वाटतं. येताना गाडीत ती काय बोलली असेल कोणाशी.

आता माझं घरचं. माझे आजोबापण त्याच लढाईत होते, वेगळ्या बटालियनमध्ये, ते परत आले. आमच्याकडे महायुद्ध असं कोणी म्हणायचं नाही, "जर्मनच्या लढाईत गेले होते" म्हणायचे. आजोबा त्याबद्दल फार कमी बोलायचे, चिखल आणि थंडी एवढंच, आणि खेचरं, खेचरांची आठवण मात्र ते काढायचे की डोंगरात रात्री खेचर मुकाट चालायचं आणि माणसापेक्षा त्याला वाट जास्त कळायची. त्यांची लोखंडी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, आजही ऐरोलीत आमच्या माळ्यावर आहे, तिच्यात आम्ही गणपतीचं सजावटीचं सामान ठेवतो. आजी सांगायची की त्या चार वर्षांत गावात तार आली की ती वाचायच्या आधीच बायका रडायला लागायच्या, कारण तार कशाची असणार हे सगळ्यांना माहीत. आणि मनीऑर्डर आली की पोस्टमनला चहा आणि गूळ.

ही माणसं का गेली? काकांना हे सांगायचंय. आमच्याकडे भाताचं एक पीक, तेही पावसावर. भाऊ चार-पाच, जमीन तुकड्याएवढी. त्यातून दोनच वाटा होत्या, एक मुंबईत गिरणीत आणि दुसरी पलटणीत. घरटी एक पोरगा गिरणीत नि एक पलटणीत अशी किती घरं होती आमच्या पट्ट्यात, माणगाव, महाड, पोलादपूर, खाली खेडपर्यंत. गिरणीत गेलेल्याला आपण इंग्रजांच्या राज्यात राबला म्हणून परका म्हणत नाही, उलट गिरणगाव आपला अभिमान. मग पलटणीतला का परका? दोघांनी एकाच चुलीसाठी घर सोडलं होतं.

हे मी मान्य करते की प्रश्न सोपा नाही. १९४२ ला इथे चले जाव चालू होतं, माणसं तुरुंगात होती, भूमिगत होती. १९४४ मध्ये, ज्या वर्षी घाडगे गेले त्याच वर्षी, नेताजींची आझाद हिंद सेना इंफाळच्या बाजूला लढत होती. ज्या दिल्लीत घाडगेंच्या पत्नीने क्रॉस घेतला त्याच दिल्लीत त्याच वर्षाच्या शेवटी लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला. काकांच्या घरात कोणी स्वातंत्र्यसैनिक असतील, त्यांना हे टोचत असेल तर मी समजू शकते. इंग्रजांनी आपल्या माणसांना न विचारता त्या युद्धात ढकललं हे खरंच आहे. पण ढकलणाऱ्याचा हिशोब ढकलल्या गेलेल्या पोराच्या नावावर कसा मांडायचा? आणि समोर होते कोण, हिटलरचं सैन्य. त्या दिवशी त्या उतारावर घाडगेंच्या पाठीमागे जी पोरं पडली होती ती मराठा पलटणीतली, आपलीच भाषा बोलणारी. तो धावला तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर लंडनचा राजा होता असं मला तरी वाटत नाही.

आणि पलटणीचं पुढे काय झालं ते ऐका, कारण हे मलाही अलीकडेच कळलं आणि मला वाटतं काकांना याचंच उत्तर द्यावं लागेल. घाडगेंची ती तिसरी बटालियन स्वातंत्र्याच्या सुमाराला पॅराशूट बटालियन झाली होती, तीन पॅरा मराठा. १९४८ साली काश्मीरमध्ये झांगरच्या लढाईत हीच बटालियन होती, आपल्या तिरंग्याखाली. १९५२ मध्ये तिचं नाव बदलून दोन पॅरा झालं. आणि ११ डिसेंबर १९७१ ला पूर्व पाकिस्तानात टांगाईलला ज्या बटालियनने विमानातून उड्या घेतल्या आणि पूल ताब्यात घेऊन पाकिस्तानी फौजेची वाट तोडली, ती हीच दोन पॅरा, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात जे सगळ्यात पहिले शिरले त्यातही हेच. म्हणजे पलटण तीच. मग कापायचं कुठे? १५ ऑगस्ट १९४७ च्या आदल्या दिवशीपर्यंतचे सगळे परके आणि दुसऱ्या दिवसापासून आपले असं करता येतं का, एकाच पलटणीत? तंबूही तोच, हवालदारही तोच. टांगाईलला उडी मारणाऱ्या पोरांनी जर घाडगेंना आपला म्हटलं तर ऐरोलीच्या सोसायटीने का म्हणू नये?

अजून एक नाव घेते, नामदेव जाधव. तेव्हाच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले, हेपण १९२१ सालचेच, मराठा लाइटच्या पहिल्या बटालियनमध्ये शिपाई. ९ एप्रिल १९४५ ची संध्याकाळ, इटलीतलीच सेनिओ नदी, दोन्ही बाजूला उंच बांध, बांधाच्या पलीकडे जर्मन मशिनगनी. जाधव रनर होते, म्हणजे कंपनी कमांडरचा निरोप्या. नदी उतरून पलीकडे निघताच तीन बाजूंनी गोळीबार झाला, कमांडर आणि बाकीचे जखमी नाहीतर ठार, धडधाकट एकटे जाधव. त्यांनी काय केलं, आधी एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या बांधावरून अलीकडे आणून ठेवलं. मग परत गेले आणि दुसऱ्याला आणलं. हे दोन फेरे गोळ्या आणि तोफगोळे चालू असताना. आणि दोघांना सुरक्षित ठेवल्यावर तिसऱ्यांदा परत गेले, यावेळी मशिनगनींसाठी. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, फेकून दिली आणि हातबॉम्ब घेतले, संपले तेव्हा बांधावर रांगत जाऊन साथीदारांकडून आणखी घेतले आणि तिन्ही ठाणी गप्प केली. मग बांधावर उभे राहिले, तोफगोळे पडतच होते, आणि मराठ्यांची युद्धघोषणा देत हात हलवून बाकीच्या कंपनीला नदी पार करायला बोलावलं. पलटणीची घोषणा आजही "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" हीच आहे. इटलीतल्या त्या बांधावर ज्या मुलाच्या छातीतून ती आली तो इंग्रजांचा होता असं म्हणणाऱ्याला मी काय सांगू.

जाधव वाचले, घरी आले, हवालदार म्हणून निवृत्त झाले, १९८४ साली गेले. त्याच दिवशी त्याच नदीवर अली हैदर नावाच्या पठाण शिपायालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यांचं गाव पुढे पाकिस्तानात गेलं. इटलीच्या मोहिमेत एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले सहा हिंदुस्थानी फौजेतल्यांना, आणि त्या सहातले दोन आपले मराठी. एक माणगावचा आणि एक नगरचा. पाच हजार सातशेवर हिंदुस्थानी सैनिक त्या एका देशात मेले. ही संख्या मी पहिल्यांदा वाचली तेव्हा दोनदा वाचली.

आणि ज्यांच्या जमिनीवर हे झालं ते काय करतात बघा. टायबरच्या त्याच खोऱ्यात डोंगरावर मोंतोने नावाचं छोटं गाव आहे. त्या गावाने आणि तिथल्या इतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून जुलै २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांच्या नावाने स्मारक उभारलं. पुतळा नाही केला, सावलीवर वेळ दाखवणारं सूर्यघड्याळ केलं. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय, आपण सगळे एकाच सूर्याखाली आहोत. जी माणसं मराठी बोलत नाहीत, ज्यांनी पळसगाव कधी बघितलं नाही, जी ८० वर्षांपूर्वी त्या युद्धात कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला होती, त्यांनी गावात मोकळी जागा काढून एका माणगावच्या पोराचं नाव लिहिलं. मी तो फोटो बघितला तेव्हा मला आनंद झाला आणि लगेच वाईटपण वाटलं, कारण मला आमच्या गेटवरचा बॅनर आठवला.

माणगावकर विसरलेत असं मात्र मी म्हणणार नाही, तिथे पुतळा आहे, दरवर्षी त्यांच्या नावाने कार्यक्रम होतो. विसरलोय आम्ही, गाव सोडून इथे आलेले. ठाणे, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, घणसोली, पनवेल, या पट्ट्यात रायगड-रत्नागिरीची किती कुटुंबं आहेत, माझ्याच बिल्डिंगमध्ये सात आहेत. आमच्या मुलांना परदेशी सुपरहिरोंची नावं पाठ आहेत, त्यांची चूक नाही, आपणच सांगितलं नाही. माझ्या मोठ्याला मी परवा ही सगळी गोष्ट सांगितली तर तो एवढंच म्हणाला की आई, आपण दरवर्षी तिथे दोन तास बसून असतो, तू तेव्हा का नाही सांगितलंस. मला उत्तर नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं फार मोठं नाही. कोणाला रस्त्याला नाव द्या, चौक करा असं मी म्हणत नाही, पाट्या खूप झाल्या. तुम्ही तुमच्या पुरवणीत शूरवीरांची माहिती देता तेव्हा १९४७ च्या आधीच्यांनाही घ्या, आणि नुसतं नाव आणि पदक नको, काय घडलं ते लिहा, कारण घडलेलं वाचल्यावर कोणी "इंग्रजांसाठी" म्हणणार नाही अशी माझी खात्री आहे. आणि तुमचे वाचक, ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबांचं पलटणीचं पेन्शनबुक असेल, एखादा बिल्ला, पत्र, फोटो, ट्रंक असेल, त्यांनी ते रद्दीत जाऊ देऊ नये. घर बदलताना, रीडेव्हलपमेंटला जाताना हेच आधी टाकलं जातं, मी बघितलंय. आमच्या आजोबांची पत्रं अशीच गेली, फक्त ट्रंक राहिली कारण ती कामाची होती.

काकांना मी अजून उत्तर दिलेलं नाही. हे पत्र छापून आलं तर कात्रण त्यांना स्वतः नेऊन देणार आहे, ग्रुपवर टाकणार नाही. समोर बसून बोलू, चहा घेऊ.

आमचे गणपती इथे ऐरोलीत दीड दिवसाचे, ते झाले की मी गौरीला माहेरी जाते. यंदा दोन्ही मुलं बरोबर येणार आहेत. दादाला फोन करून ठेवलाय की घरच्या झाडाची जास्वंदीची फुलं हार करून आण आणि स्टँडवर थांबू नकोस, तहसील कचेरीपाशी ये, आम्ही आधी तिथे उतरणार आहोत.

आपली,
एक नियमित वाचक,
ऐरोली, नवी मुंबई